नियम झेपतील एवढे, कॅरेक्टर आवडेल तसं: पहिल्यांदाच आरपीजी खेळवणाऱ्यांसाठी

रविवार, दुपारचे चार. हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवून खाली सतरंजी टाकलेली, मी डीएम (म्हणजे गोष्ट चालवणारा) आणि समोर पाच जण, त्यातल्या चौघांनी आयुष्यात वीस बाजूंचा फासा बघितला नव्हता. मी काय केलं तर डी अँड डीचं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमचं, जाडजूड पुस्तक मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "यातलं काहीही घ्या, काहीच अडवणार नाही." साडेसात वाजले तरी दोघांची शीट (कॅरेक्टरची माहिती भरायचा कागद) अर्धी, एक जण मोबाईलवर 'बेस्ट बिल्ड' शोधतोय, म्हणजे कुठले पर्याय जोडले की कॅरेक्टर सगळ्यात तगडं होतं ते, माझी मावसबहीण स्पेलची (जादूच्या मंत्रांची) यादी वाचता वाचता तक्क्याला टेकून झोपलेली, आणि साडेआठला सगळे "मजा आली हां" असं तोंडदेखलं बोलून घरी. एक गोब्लिनसुद्धा मेला नाही. पुढच्या रविवारी दोघंच आले.

चूक पुस्तकाची नव्हती, माझी होती. त्यानंतर बरेच ग्रुप खेळवले, काही टिकले काही मोडले, आणि आता नवीन लोकांना बसवायची माझी एक पद्धत झालीये, ती खाली लिहितोय. ज्यांना आपल्या मित्रांना किंवा घरच्यांना पहिल्यांदा खेळवायचंय त्यांच्यासाठी हे आहे, मुरलेल्यांनी वाचून भांडायला हरकत नाही.

ज्यांना आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी एका दमात: एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम किंवा जीएम, बाकीचे एकेक पात्र घेतात, "मी भिंतीवरून उडी मारते" असं तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. म्हणजे मोठ्यांची भातुकलीच, फक्त "मी नाही मेलो, तूच मेलास" हे भांडण मिटवायला नियम असतात. गोची अशी की प्रत्येकाला आपलं कॅरेक्टर दुसऱ्यासारखं नको असतं, वेगळं पाहिजे असतं, आणि त्या वेगळेपणासाठी जेवढे पर्याय ठेवाल तेवढे नियम वाढतात. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पायरी १: ओझं दोन प्रकारचं असतं, ते आधी वेगळं करा

"हा गेम फार कॉम्प्लिकेटेड आहे" असं कुणी म्हटलं की मी पहिलं विचारतो, बनवायला की खेळायला? कॅरेक्टर बनवायचं ओझं एकदाच असतं, तेही घरी बसून सावकाश करता येतं. खेळताना मात्र ओझं दर टर्नला येतं, आणि पाच माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असताना येतं. हे दुसरं ओझं जास्त महाग.

गर्प्स घ्या, स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा, १९८६ चा. त्यात दीडशे वगैरे पॉइंट घेऊन बाजारात गेल्यासारखं कॅरेक्टर विकत घ्यायचं, ताकद वाढवली की इतके पॉइंट गेले, "मला उंचीची भीती वाटते" असं लिहून दिलं की इतके परत मिळाले. बनवायला अख्खी दुपार जाते. पण खेळताना मूळ नियम एवढाच की तीन फासे टाका आणि बेरीज आपल्या आकड्याएवढी किंवा कमी आली की जमलं. याच्या उलट डी अँड डीचा विझर्ड (जादूगार), बनवायला तासभर, पण पुढे प्रत्येक टर्नला "यातला कुठला स्पेल टाकू, स्लॉट वापरू की ठेवू" (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) हे डोक्याचं दही कायमचं.

आणि काही गेममध्ये कॅरेक्टर बनवणं हाच एक खेळ असतो. ट्रॅव्हलर नावाचा १९७७ चा अंतराळातला गेम आहे, त्यात तुमच्या माणसाची आधीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांत फासे टाकून काढायची, आणि मूळ नियमांत फासा वाईट पडला तर माणूस गेम सुरू व्हायच्या आधीच मरायचा. ऐकायला खुळचट वाटतं पण ते बनवणंच लोक हसत खिदळत करायचे.

पायरी २: पुस्तक उघडायच्या आधी एक वाक्य लिहून घ्या

हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो आणि सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात. ग्रुपवर नियम, पीडीएफ, यूट्यूब लिंक काही टाकू नका. फक्त विचारा, "तुझं कॅरेक्टर काय करताना दिसायला पाहिजे?" एकच वाक्य. आमच्या एका ग्रुपची उत्तरं अजून चॅटमध्ये आहेत:

ताई (मावसबहीण): "मला लोकांना गोड बोलून गंडवायचंय."
धाकटा भाऊ: "मारामारी. बाकी काही सांगू नको."
ऑफिसातला मित्र: "मला बिल्ड करायचंय यार, ऑप्शन्स किती आहेत?"
त्याची बायको: "मला जनावरांशी बोलता आलं पाहिजे."

या चार वाक्यांत तुमचं निम्मं काम झालं. ताईला नियम नकोयत, बोलायला वाव पाहिजे. भावाला झटपट टर्न पाहिजे. मित्राला नियमच पाहिजेत, त्याच्यासाठी तीच मजा आहे. मित्राच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, एक ठरावीक गोष्ट पाहिजे, ती मिळाली की बाकी काहीही चालेल. म्हणजे कस्टमायझेशन हा सगळ्यांना सारखा वाटायचा प्रसाद नाही. चौघांत एकालाच खरं तर पर्यायांची भूक आहे आणि त्या एकासाठी मी बाकी तिघांना चाळीस पानं वाचायला लावत होतो.

पायरी ३: सिस्टीम निवडा, पण मिनिटांत मोजून

मला विचाराल तर "कुठली सिस्टीम चांगली" हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न असा की पहिल्या दिवशी शीट भरायला तुम्ही किती मिनिटं देणार?

पाच मिनिटं देणार असाल तर लेझर्स अँड फीलिंग्ज. जॉन हार्परचा २०१३ चा गेम, अख्खे नियम एका पानावर. दोन ते पाचमधला एक आकडा निवडायचा, डोक्याने करायच्या कामात सहा बाजूंचा फासा त्या आकड्याच्या खाली पडला पाहिजे, मनाने करायच्या कामात वर. झालं तुमचं कॅरेक्टर. एका संध्याकाळीला मस्त. सहा महिने चालवायचा म्हणाल तर नाही चालत, कारण पुढे वाढायला काही नाहीच.

वीस मिनिटं देणार असाल तर केर्न. २०२० मध्ये आलेला, नियम फुकट. क्लास (म्हणजे लढवय्या, जादूगार असा कॅरेक्टरचा पेशा) नाहीत, तीनच आकडे, आणि सामान ठेवायला दहा खणं. तुमचं कॅरेक्टर वेगळं कशाने होतं तर त्याच्याकडे काय आहे त्याने. दोर, कंदील, कावळा पिंजऱ्यात, मेलेल्या सरदाराची अंगठी. मला हे फार आवडतं कारण निवडलेली प्रत्येक वस्तू त्याच दिवशी वापरली जाते.

अर्धा पाऊण तास असेल आणि तुमची माणसं बोलघेवडी असतील तर फेट अ‍ॅक्सलरेटेड, तोही २०१३ चा. आकडे सहाच, सावध, हुशार, भपकेबाज, दणकट, चपळ, चोरटा अशा सहा पद्धती, एकीला ३, दोघींना २, दोघींना १, एकीला शून्य. बाकी सगळं वाक्यांत लिहायचं. "गावाने वाळीत टाकलेली वैदू" असं लिहिलं की तोच नियम, खेळात ते वाक्य उपयोगी पडलं तर हातातला एक फेट पॉइंट खर्चून फाशावर अधिक २ मिळतात, अंगाशी आलं तर फेट पॉइंट मिळतो. इथे कस्टमायझेशनला मर्यादाच नाही आणि नियम मूठभर, ऐकायला स्वर्ग वाटतो, पण एक सांगतो, काही लोक रिकामं पान बघून गोठतात. माझा भाऊ "तुझ्याबद्दल एक वाक्य लिही" म्हटल्यावर दहा मिनिटं पेन्सिल चावत बसला. त्याला यादी दिली असती तर दहा सेकंदांत बोट ठेवलं असतं. कमी नियम म्हणजे सोपं असं नसतं, कधी कधी सगळं ओझं माणसाच्या कल्पनेवर येतं.

तासभर देणार असाल तर डी अँड डीची पाचवी आवृत्ती. खाली मी बहुतेक तिचीच उदाहरणं देतोय कारण शेवटी नव्वद टक्के नवीन लोक "डी अँड डीच खेळायचंय" म्हणूनच येतात, सीरियल बघून किंवा व्हिडिओ गेम खेळून, त्यांना दुसरं काही दिलं की हॉटेलात डोसा मागवून उपमा आल्यासारखा चेहरा करतात.

पायरी ४: दारं बंद करा

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मुख्य पुस्तकात ९ वंश, १२ क्लास आणि १३ बॅकग्राउंड (कॅरेक्टरचं आधीचं आयुष्य) आहेत. गुणाकार करा, १४०४. हे नुसतं वरवरचं, अजून आकडे, स्किल, शस्त्रं, स्पेल बाकीच. नवीन माणसाला १४०४ दरवाजे दाखवून "कुठूनही आत ये" म्हणणं याला स्वातंत्र्य नाही म्हणत.

मी आता काय करतो, तर वर लिहून घेतलेल्या वाक्यावरून प्रत्येकाला दोन किंवा तीनच पर्याय सांगतो. वहिनींना जनावरांशी बोलायचंय ना, मग ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), नाहीतर रेंजर (जंगलात भटकणारा), नाहीतर सरळ फॉरेस्ट नोम, त्या वंशाला लहान प्राण्यांशी बोलता येतं आणि क्लास मग कुठलाही घ्या. त्यांनी नोम घेतला आणि क्लास रोग, म्हणजे चोरट्या हाताचा. मला वाटलं होतं ड्रुइड घेतील. बरं झालं नाही घेतला, कारण ड्रुइड आणि क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा) यांना आपल्या लेव्हलच्या अख्ख्या यादीतून रोज स्पेल निवडायचे असतात, पहिल्या दिवशीसाठी माझ्या मते तेच सगळ्यात जड क्लास.

आकड्यांवर तर वेळ घालवूच नका. पाचव्या आवृत्तीत ताकद, चपळाई अशा सहा गुणांना आकडे द्यायची एक ठरलेली माळ आहे, १५, १४, १३, १२, १०, ८. दुसरी पद्धत म्हणजे २७ पॉइंट घेऊन आकडे विकत घ्या. लोक त्या २७ पॉइंटांवर अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, आणि गंमत म्हणजे ती माळ त्याच दरपत्रकाने मोजली तर बरोबर २७ भरते. म्हणजे माळ घेतली तर तुमचं काहीएक नुकसान नाही. त्यातून वीस बाजूंच्या फाशावर अधिक १ चा अर्थ किती, तर पाच टक्के. वीस वेळा फासा टाकाल तेव्हा एकदा फरक पडेल. त्याच पुस्तकात अ‍ॅडव्हांटेजचा नियम आहे, दोन फासे टाका मोठा धरा, तुम्हाला ११ किंवा जास्त पाहिजे असेल तर पन्नास टक्क्यांवरून थेट पंचाहत्तर. आणि तो अ‍ॅडव्हांटेज बऱ्याचदा टेबलावर डोकं चालवून मिळतो, शीट भरताना नाही. "मी झुंबराचा दोर कापते" म्हणणारी माणसं अधिक १ वाल्यांना सहज मागे टाकतात.

फीट्स, म्हणजे कॅरेक्टरला वरून घेता येणारी खास कौशल्यं, पहिल्या दिवशी बंद. २०१४ च्या नियमांत ते तसेही ऐच्छिक आहेत. २०२४ ची नवी पुस्तकं घेतली असतील तर थोडं वेगळं, तिथे सगळ्यांचा सबक्लास (क्लासची पोटशाखा) तिसऱ्या लेव्हलला नेलाय, जे फार बरं केलं, कारण आधी क्लेरिक, वॉरलॉक, सॉर्सरर यांना पहिल्याच लेव्हलला निवडायला लागायचं. पण एका हाताने काढून दुसऱ्या हाताने दिलंय, पहिल्या लेव्हलला बॅकग्राउंडमधून एक फीट येतोच आणि फायटरला शस्त्रांच्या मास्टरी पण येतात.

पायरी ५: सगळ्यांच्या ताटात सारखंच वाढू नका

एकाच टेबलावर एकाला हलकं आणि एकाला जड कॅरेक्टर देता येतं, आणि डी अँड डी याच कामाला खरी चांगली आहे. बघा कसं.

चॅम्पियन आणि बॅटल मास्टर हे फायटरचे दोन सबक्लास. फायटर तिसऱ्या लेव्हलला चॅम्पियन झाला तर त्याला मिळतं काय, नुसत्या २० ऐवजी १९ किंवा २० पडले की क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा वार. लक्षात ठेवायचं काही नाही, फासाच बोलतो. तोच फायटर बॅटल मास्टर झाला तर १६ डावपेचांतून ३ निवडायचे, आठ बाजूंचे ४ फासे हातात, कुठला डाव कधी टाकायचा, किती शिल्लक, कधी परत मिळतात. दोघं शेजारी शेजारी लढतात, कुणी कमी पडत नाही. भावाला मी चॅम्पियनच्या रस्त्याला लावलं, मित्राला बॅटल मास्टर, दोघंही खूष, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कॅरेक्टर बोर वाटतं.

जादू पाहिजे पण यादी नको असेल तर वॉरलॉक, म्हणजे कुणा मोठ्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा. विझर्डला पहिल्या लेव्हलला ३ कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल), वहीत ६ स्पेल, त्यातले रोज चारेक तयार करायचे, स्लॉट २. वॉरलॉकला २ कँट्रिप, २ स्पेल, १ स्लॉट, तोही थोडी विश्रांती घेतली की परत. ताई वॉरलॉक झाली. कुणाशी करार केलाय विचारल्यावर म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा कुणीतरी." तो राक्षस आजही मेंटेनन्स मागायला येतो.

इथे एक सावधानता, कारण मी स्वतः खूपदा चुकलोय. नवीन माणूस दिसला की लोक त्याच्या हातात फायटर कोंबतात, "सोपा आहे, तू हा घे." नाटकात काम करणारी एक मैत्रीण आली होती, तिला मी असाच फायटर दिला, तीन तास तिने "मारलं... नाही लागलं... मारलं... लागलं" एवढंच केलं आणि परत आली नाही. तिला नियमांची भीती नव्हतीच, तिला संवाद पाहिजे होता. सोपं कॅरेक्टर नवीन माणसाला नाही, ज्याला सोपं पाहिजे त्याला द्या.

पायरी ६: नवा नियम लिहायच्या आधी नुसते कपडे बदलून बघा

मला सगळ्यात जास्त मागणी या प्रकारची येते. आमच्याकडे मराठीत खेळतात तर साहजिकच कुणालातरी तलवार नको, दांडपट्टा पाहिजे. भावाने मागितला. मित्राने रात्रीत अडीच पानं नियम लिहून आणले, पट्ट्याचं फिरवणं, दोन हातांत दोन पट्टे, घोळक्यात शिरल्यावर काय, चारही बाजूंना वार, वाचून मला घाम फुटला.

मी म्हटलं थांब. पुस्तकात रेपियर आहे, आठ बाजूंचा एक फासा, ताकदीऐवजी चपळाई वापरता येते. आकडे तेच ठेवू, नाव दांडपट्टा, भोसकण्याऐवजी कापतो. भाऊ म्हणाला, "पण पट्टा हातात घट्ट बसलेला असतो रे, कोपरापर्यंत लोखंडी खोळ असते, तो कुणी पाडू नाही शकत." मुद्दा बरोबर होता. मग एक वाक्य वाढवलं: पट्टा हातातून पाडता येत नाही, पण त्या हाताने दुसरं काही धरता येत नाही आणि काढून ठेवायला एक अख्खी ॲक्शन जाते. संपलं. एक फायदा एक तोटा. पुढच्याच सेशनला हा बहाद्दर पट्टा चढवलेल्या हाताने दोरावरून चढायला गेला, "त्या हाताने धरता येत नाही" म्हटल्यावर जो काही चेहरा झाला, आणि मग दहा मिनिटं सगळे मिळून त्याला वर ओढत होते. अडीच पानांतून एवढी करमणूक नसती झाली.

हे जवळजवळ सगळ्यालाच लागू पडतं. आगीचा स्पेल आहे, आकडे तेच ठेवून तो अंगाऱ्याची मूठ फेकल्यासारखा वर्णन करा. लांडगा सोबती आहे, त्याला तरस म्हणा. खेळणाऱ्याला आपलं वाटतं आणि डीएमला नवीन पान वाचायला लागत नाही. नवा नियम तेव्हाच, जेव्हा बदललेली गोष्ट खरंच वेगळं काही करते, आणि तोही एका वाक्यात बसला पाहिजे.

पायरी ७: थोडी जागा कोरी सोडा

शीटवरची प्रत्येक ओळ पहिल्या दिवशी भरलीच पाहिजे असा काही कायदा नाही. मी स्किलमधलं एक, भाषेतली एक आणि सामानातल्या दोन ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवायला सांगतो. खेळताना गरज पडली की तिथल्या तिथे भरा.

ही आयडिया माझी नाही. ब्लेड्स इन द डार्क म्हणून चोर-दरोडेखोरांचा गेम आहे, त्यात कामगिरीवर निघताना फक्त एवढंच सांगायचं की ओझं हलकं, मध्यम की जड, म्हणजे ३, ५ किंवा ६ वस्तू. कुठल्या वस्तू ते नंतर, कुलूप समोर आलं की "माझ्याकडे हत्यारं आहेत" म्हणून खूण करायची. निघण्याआधी दुकानात तासभर घालवायचा सगळा प्रकारच गायब. डी अँड डीत हे उचलून आणलं तर काही बिघडत नाही.

वहिनींची भाषेची ओळ तिसऱ्या सेशनपर्यंत कोरी होती. एका पडक्या विहिरीत भिंतीवर काहीतरी कोरलेलं सापडलं, कुणालाच वाचता येईना, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि वहिनी हळूच म्हणाल्या, "माझी आजी हीच लिपी लिहायची." मी गप्प. माझ्या तयारीत असलं काही नव्हतं. पुढची चार सेशन्स त्या आजीवर गेली. पहिल्या दिवशी त्यांनी यादीतून "एल्विश" वर टिक केली असती तर कुणाला आठवलं पण नसतं.

पायरी ८: तीन सेशन बदलायची मुभा

पहिली तीन सेशन कुणीही काहीही बदलू शकतो, क्लाससुद्धा, कारण विचारायचं नाही. याची गरज का पडते तर कागदावर चांगली दिसणारी निवड खेळताना कशी वागते ते नवीन माणसाला कळणं शक्यच नाही. २००० साली आलेल्या डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीत टफनेस नावाचा फीट होता, ३ हिट पॉइंट (कॅरेक्टरचा जीव मोजायचे पॉइंट) मिळायचे. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, ज्याच्याकडे जेमतेम चार पाच आहेत, त्याला लॉटरी. दहाव्या लेव्हलला त्या तिनाला कुणी हिंग लावून विचारत नाही, पण फीट तर कायमचा गेला. त्या आवृत्तीत पर्याय मुबलक होते आणि त्यातले कुठले पुढे नुसते ओझं होणार हे ओळखणं हेच एक शास्त्र झालं होतं. काहींना त्यातच मजा यायची, मला पण यायची खरं तर, कॉलेजात रात्र रात्र घालवलीये. पण नवीन माणसाला पहिल्या निवडीची शिक्षा दोन वर्षं भोगायला लावणं बरोबर नाही.

पायरी ९: वाढवायचं तर एकेक, आणि हिशोब ठेवून

ग्रुप टिकला, आता लोकांना जास्त पाहिजे. छान. एका वेळी एकच गोष्ट उघडा. तिसऱ्या लेव्हलला सबक्लास, चौथ्याला फीट, मधे दोन तीन सेशन जाऊ द्या.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी जास्तीच्या नियमांची नावं लिहितो आणि नियम खेळात वापरला गेला की पुढे एक काडी मारतो. चार सेशनमध्ये एकही काडी नाही तर नियम रद्द. वजनाचा नियम असाच गेला. पुस्तकाप्रमाणे ताकद गुणिले १५ इतके पाउंड सोबत वागवता येतात, आता आपल्याला पाउंडात कोण विचारतंय, दर वेळी किलो करा, बेरीज करा, शून्य काड्या. त्याच्या जागी केर्नची दहा खणं आणली, मोठी वस्तू दोन खणं खाते. पहिल्याच दिवशी सोन्याची मूर्ती घ्यायची की जखमी कुत्रा उचलायचा यावर वीस मिनिटं भांडण झालं, सात काड्या. दोन्ही नियम सामानाचेच, पण एक हिशोब मागत होता आणि दुसरा निवड.

आणि तो बिल्डवाला मित्र? त्याची भूक डी अँड डीवर भागेना. त्याला आणि अजून तिघांना मी वेगळा ग्रुप करून पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती देऊन टाकली, २०१९ ची. तिथे प्रत्येक लेव्हलला काही ना काही निवडायचं असतंच, सम लेव्हलला क्लास आणि स्किलचे फीट, तिसरीला जनरल, पाचवीला वंशाचा. पण टर्न अगदी सुटसुटीत, तीन ॲक्शन, कशाही वापरा, दुसऱ्या वाराला ५ वजा, तिसऱ्याला १०. बनवायला जड, खेळायला त्यामानाने नेटकी, पहिल्या पायरीत म्हटलं तसं. सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट आहेत, त्यामुळे तो ऑफिसच्या वेळेत काय वाचतो हे मी विचारत नाही.

पायरी १०: शीट मराठीत करून बघा

हे ऐच्छिक आहे पण घरच्या मोठ्या माणसांबरोबर खेळणार असाल तर जरूर करा. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे आहेत, श्रेय दिलं की भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. मी एक पानाची शीट केली, पुढे सहा गुण, हिट पॉइंट, तीन हल्ले आणि मागे सामानाची खणं, बस. निम्मी भीती त्या इंग्रजी चौकटींचीच होती असं लक्षात आलं, माझ्या काकूंनी पहिल्यांदा कुणाला न विचारता शीट भरली.

ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी इथपर्यंत भांडण नाही. विस्डमला आधी शहाणपण लिहिलं होतं पण खेळात तो आकडा बहुतेक वेळा मागून येणारा आवाज ऐकायला आणि समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखायला वापरतात, म्हणून आता 'भान'. "तुमचं भान किती?" असं विचारलं की कुणालाही कळतं फासा कशासाठी टाकायचा. करिझ्मावर अजून एकमत नाही. ताई म्हणते 'वजन', पण मग ते सामानाचं वाटतं, काकू म्हणतात 'ऐट', सध्या छापून 'छाप' आहे आणि भावाने त्याच्या शीटवर ते खोडून पेनाने 'फूटेज' केलंय.